सोलापुरातली पहिली संक्रांत: कडक भाकरी, शेंगापोळी आणि घरच्यांना घेऊन गड्डा

बदली होऊन, लग्न होऊन नाहीतर नोकरीसाठी सोलापुरात नवीन आलेल्या माणसाला पहिला जानेवारी जरा गडबडीचाच जातो. नाताळची सुट्टी संपते न संपते तोच गिरणीत रांगा लागतात, किराणा दुकानात तिळाची पोती पुढे येतात, कॉलनीतल्या निम्म्या घरांतून शेंगा भाजल्याचा वास यायला लागतो आणि जो भेटेल तो विचारतो, गड्ड्याला (म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला) कोण कोण येणार तुमच्याकडे? गावाकडून सासू-सासरे येणार, नणंद पोरांना घेऊन येणार, आणि आपल्याला अजून कडक भाकरी कशी करतात तेच माहीत नाही, अशी वेळ बऱ्याच जणींवर (आणि जणांवर) येते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, घरात काय करायचं, कधी करायचं, आणि मग सगळ्यांना घेऊन बाहेर कुठे काय खायचं.

एक गोष्ट आधीच सांगते कारण ती पुढे प्रत्येक पदार्थात येणार आहे. सोलापूरच्या या खाण्यात मसाले फार नाहीत, सगळा खेळ आचेचा आहे. शेंगा असोत, भाकरी असो नाहीतर पोळी असो, बारीक आचेवर वेळ देऊन भाजलं की तेच साहित्य वेगळं लागतं आणि टिकतं पण. माझ्या शेजारच्या काकू नवीन माणसाला एवढं एकच सांगतात, "घाई कशाला करायलीस गं, आच बारीक कर की." तेवढं पाळलं तरी अर्धं काम झालं समजा.

क्रम असा ठेवा

सगळं भोगीच्या सकाळी करायला घेतलं तर हाल होतात. शेंगाचटणी आठ-दहा दिवस आधी करून ठेवा, ती महिनाभर आरामात राहते. कडक भाकऱ्या चार-पाच दिवस आधी, त्या तर त्याहून टिकाऊ. शेंगापोळ्या एक-दोन दिवस आधी, कारण दुसऱ्या दिवशी त्या उलट जास्त छान लागतात, सारण मुरतं. भोगीची भाजी मात्र त्याच दिवशी सकाळी. असं केलं की पाहुणे आल्यावर तुम्ही ओट्यापाशी अडकून पडत नाही, त्यांच्याबरोबर बाहेर पडता येतं आणि या सणाची मजा बरीचशी बाहेरच आहे.

सामान घेताना

ज्वारी घेताना मालदांडी मागा. पांढरा, टपोरा, चकचकीत दाणा असतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि मालदांडीचा एम ३५-१ हा प्रसिद्ध वाण आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रातून आलेला आहे, त्यामुळे इथे राहून दुसरीकडची पाकिटातली ज्वारी खाऊ नका एवढी माझी विनंती. जानेवारीत शेतातलं पीक अजून हुरड्यात असतं म्हणजे दुकानात मिळते ती गेल्या हंगामातली ज्वारी, त्याने काही बिघडत नाही. धान्य जुनं चालतं, पीठ जुनं चालत नाही. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग कितीही मळा भाकरी थापताना कडेला चिरा पडतातच. त्यामुळे दोन किलोच दळा, बारीक दळायला सांगा, आणि आठवड्याभरात संपवा.

शेंगदाणे (इथे सरळ शेंगा म्हणतात, दुकानात पण तसंच मागा) घेताना दोन-चार तोंडात टाकून बघा. खवट लागले तर सोडून द्या, कितीही लसूण घातला तरी तो खवटपणा जात नाही. घरी आणल्यावर ताटात पसरून काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे वेचून फेकून द्यायचे, हे काम पोरांना द्या, आवडीने करतात.

गूळ साधा मऊ घ्या. चिक्कीचा गूळ पोळीत घातला तर सारण दगड होतं. तीळ पॉलिश न केलेले मिळाले तर उत्तम. भाज्यांसाठी लक्ष्मी मंडईत भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि भाव पण चढलेले असतात.

शेंगाचटणी

पाव किलो शेंगदाणे, लसणाच्या पंधराएक पाकळ्या, दोन ते तीन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं आणि चवीपुरतं मीठ. बस एवढंच. खोबरं नाही, साखर नाही, चिंच नाही.

जाड बुडाच्या कढईत शेंगा बारीक आचेवर भाजायला घ्या आणि हलवत राहा. पंधरा-वीस मिनिटं लागतात, लागू द्या. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत सालं काळी होतात आणि आतला दाणा कच्चा राहतो, मग चटणी चिकट होते आणि लवकर खराब पण होते. एक दाणा फोडून बघायचा, आतून पांढरट न राहता फिकट बदामी झाला पाहिजे आणि दाताखाली कट् करून तुटला पाहिजे. मग ताटात काढून पूर्ण गार करा, हातावर चोळून सालं पाखडा. थोडी सालं राहिली तरी राहू द्या, रंग छान येतो.

खरी चटणी उखळात नाहीतर खलबत्त्यात होते. आधी लसूण, जिरं, मीठ आणि तिखट एकत्र ठेचून घ्यायचं, मग शेंगा मूठ-मूठ टाकत कुटायचं. सुरुवातीला नुसता कोरडा कूट दिसतो आणि वाटतं यात तेल कुठून येणार, पण कुटत राहिलं की हळूहळू रंग गडद व्हायला लागतो, बत्त्याला खाली ओढल्यासारखं होतं, कडेने चकाकी दिसते आणि मग कूट स्वतःहून गोळे धरायला लागतो. मुठीत दाबलं की मुटका व्हावा आणि बोटं तेलकट व्हावीत, तिथे थांबायचं. वरून तेल घालायचं नाही, हे सगळं शेंगेतलंच तेल.

खलबत्ता नसेल तर मिक्सर चालेल, फक्त सलग फिरवू नका. बटण क्षणभर दाबून सोडायचं, भांडं हलवायचं, परत दाबायचं. सलग फिरवलं की भांडं तापतं, तेल एकदम सुटतं आणि चटणीचं पीनट बटर होतं. थोडं थोडं वाटा, मधे भांडं गार होऊ द्या. काचेच्या कोरड्या बरणीत भरा, ओला चमचा घालू नका. लहान मुलांसाठी थोड्या शेंगा आधीच बाजूला काढून निम्म्या तिखटाची वेगळी बरणी करून ठेवली की जेवताना रडारड होत नाही.

कडक भाकरी

आता मेन काम. नवीन माणसाला सगळ्यात जास्त भीती याची वाटते पण खरं सांगू का, फुगणाऱ्या मऊ भाकरीपेक्षा कडक भाकरी सोपी आहे, कारण हिला फुगवायचंच नसतं.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो त्यामुळे गरम पाणी लागतं, उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि गोळा धरून राहतो. दोन वाट्या पिठात अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे तीळ टाका, मधे खळगा करून साधारण सव्वा वाटी उकळतं पाणी घाला, उलथन्याने कालवून पाच मिनिटं झाकून ठेवा. पाणी थोडं हातचं राखून घाला, कारण प्रत्येक पीठ वेगळं पाणी पितं. मग हाताला सोसेल इतपत गार झालं की मळायला घ्या. इथे कंजूषी करू नका, तळहाताच्या टाचेने पुढे रगडत न्यायचं, परत गोळा करायचा, परत रगडायचं, चांगली सात-आठ मिनिटं. चिरा न पडता गोळा गुळगुळीत झाला की झालं. बाजरीची करायची तर पद्धत हीच, पण बाजरीचं पीठ अजून लवकर कडवट होतं म्हणून ते आदल्या दिवशीच दळा.

थापायला परातीत सढळ हाताने पीठ भुरभुरवा. गोळा चपटा करून बोटांच्या टोकांनी कडेकडेने दाबत, परात थोडी थोडी फिरवत भाकरी मोठी करायची. जोर मधे नाही द्यायचा, कडेला द्यायचा, मधलं आपोआप पातळ होतं. नेहमीच्या भाकरीच्या निम्म्या जाडीची हवी. हात बसला नसेल तर दोन प्लास्टिकच्या कागदांमधे ठेवून लाटा, कुणी काही म्हणत नाही, गोल नाही झाली तरी कुणी काही म्हणत नाही. मात्र जाडी सगळीकडे सारखी पाहिजे कारण जाड राहिलेला भाग मऊ राहतो आणि तिथूनच पुढे बुरशी धरते.

लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा. भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी टाका, ओल्या हाताने वरून पाणी फिरवा, ते सुकत आलं की उलटा. इथपर्यंत साधी भाकरी. आता आच एकदम बारीक करायची आणि स्वच्छ सुती फडक्याची घडी घेऊन भाकरी सगळीकडून दाबत भाजायची. फुगायला बघते, फुगू द्यायची नाही, फुगा आला की तिथे दाबायचं, वाफ कडेने फुस्स करून निघून जाते. कडा विसरू नका, मधली भाकरी कडक होते आणि कड मऊ राहते हे नवीन माणसाचं ठरलेलं असतं. एका बाजूला चारेक मिनिटं, मग दुसऱ्या बाजूला तेवढीच.

पूर्वी चुलीच्या कडेला भाकऱ्या उभ्या करून ठेवायचे, निखाऱ्याच्या धगीने त्या वाळत राहायच्या. गॅसवर त्यासाठी दोन उपाय. एक, तव्यावरून काढलेली भाकरी बारीक गॅसवर जाळी ठेवून त्यावर उलटसुलट करत वाळवायची. दुसरा, घरात ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) असेल तर बेस्टच, १२० डिग्रीवर प्रीहीट करून भाकऱ्या जाळीवर एका थरात ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, मधे एकदा उलटा. तव्यावर अर्धवट भाजून थेट ओव्हनमधे टाकू नका मात्र, तिचा भाजका वास तव्यावरच येतो, ओव्हनने नुसता ओलावा जातो. सात-आठ भाकऱ्या तव्यावर करून मग ओव्हनमधे दोन घाण्यांत वाळवल्या तर कामाचा वेळ बराच वाचतो.

झाली का ते बघायला तुकडा मोडा. कडाड आवाज करून तुटली तर झाली, वाकली तर परत तव्यावर. नंतर सगळ्या भाकऱ्या एकमेकींना टेकवून उभ्या करून पूर्ण गार करा, गरम असताना डब्यात भरल्या की वाफ धरून मऊ पडतात. आपल्याकडची थंडीतली कोरडी हवा याला फार पोषक आहे, कोकणातून आलेल्या एका मैत्रिणीला हेच नवल वाटतं की दोन आठवड्यांनी पण भाकरी तशीच्या तशी.

खायची कशी तर पहिला प्रकार शेंगाचटणी, वर कच्चं तेल किंवा घट्ट दही, बाजूला कांदा फोडून. दुसरा प्रकार, वाडग्यात भाकरी हाताने बारीक मोडून वरून गरम आमटी ओतायची, दोन मिनिटं थांबायचं आणि अर्धवट भिजलेली असतानाच खायची. म्हाताऱ्या माणसांना दाताचा त्रास असेल तर दुधात किंवा ताकात भिजवून द्या, त्यांना खूप आवडते, शिवाय पचायला हलकी.

शेंगापोळी

संक्रांतीला बाकी महाराष्ट्रात गूळपोळी, इथे शेंगापोळीचा मान. कन्नड बोलणाऱ्या घरांत हीच शेंगा होळगी.

पाव किलो शेंगा वर सांगितल्या तशाच भाजा, सालं पूर्ण काढा आणि बारीक कूट करा. दोन चमचे तीळ भाजून त्यांचाही कूट. दोनशे ग्रॅम गूळ किसून त्यात मिसळा, वेलची-जायफळ घाला आणि हाताने मळून एकजीव करा. गुळाचा एकही खडा राहता कामा नये, लाटताना तोच पोळी फाडतो. मिश्रण कोरडं वाटलं तर चमचाभर तूप, मुठीत गोळा व्हायला पाहिजे.

वरच्या पारीसाठी दीड वाटी कणीक, अर्धी वाटी मैदा, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्टसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. सारण आणि पारी सारख्या नरमपणाची हवीत, पीठ सैल आणि सारण घट्ट असेल तर सारण मधेच बसतं, कडेपर्यंत पोचत नाही. पिठाच्या दोन लहान लाट्यांमधे सारणाची चपटी टिकिया ठेवून कडा दाबून बंद करा (उकडीच्या मोदकासारखं गोळा करून भरण्यापेक्षा नवीन माणसाला हे सोपं जातं), तांदळाच्या पिठावर हलक्या हाताने लाटा. कातण्याने कडा कापून घेतल्या की नुसत्या पिठाची जाड कड राहत नाही.

तवा मध्यम, मग बारीक. एका बाजूने बदामी डाग आल्यावरच उलटा, सारखी उलटसुलट करू नका. एखादी फुटली आणि गूळ तव्यावर आला तर तो लगेच ओल्या फडक्याने पुसून काढा, तसाच ठेवला तर जळतो आणि पुढच्या सगळ्या पोळ्यांना कडवट वास लागतो. पोळ्या कागदावर पसरून गार करा, एकावर एक ठेवायच्या त्या गार झाल्यावरच. आठ दिवस बाहेर छान राहतात. वाढताना वर साजूक तूप, आणि ते थोडं जास्तच.

ओव्हन तापलाच आहे तर

मुलांना काहीतरी गोड कुरकुरीत हवं असतं आणि त्यांच्या हाताला काम पण हवं असतं, त्यासाठी नानकटाई. अर्धी वाटी तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर हलकं होईपर्यंत फेटा, त्यात एक वाटी मैदा, दोन चमचे बेसन, एक चमचा रवा, वेलची. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मुलांकडून गोळे वळून घ्या, वर पिस्त्याचा काप, १७० डिग्रीवर पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ वाटतात, घाबरून परत आत ठेवू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. ओव्हन नसेल तर गल्लीतल्या बेकरीत विचारून बघा, सामान दिलं की नानकटाई, बिस्किटं भाजून देणाऱ्या काही बेकऱ्या असतात. सामान आणि मोठा डबा आपला घेऊन जायचा आणि गर्दीच्या दिवसात आधी वेळ ठरवून घ्यायची.

भोगी

ही सोपी आहे. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, ओले शेंगदाणे, मिळाली तर दोन-चार बोरं. तेलात जिरं-मोहरी, हळद, कडक भाज्या आधी, वांगी शेवटी, तिखट आणि काळा मसाला बेताने, गुळाचा खडा, आणि उतरवायच्या आधी दोन-तीन चमचे तिळाचा कूट. पाणी कमी घाला, अंगाबरोबर रस हवा. सोबत तीळ लावलेली बाजरीची मऊ भाकरी आणि लोणी. या दिवशी शेजारी वाटी द्यायची पद्धत आहे. शहराच्या पूर्व भागात राहात असाल तर तेलुगू घरांतून बदल्यात सकिनालू येतील, तांदळाच्या पिठाच्या तीळ-ओवा घातलेल्या तळलेल्या कड्या, त्या शेंगाचटणीबरोबर खाऊन बघा.

घरच्यांना घेऊन गड्डा

गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा. पहिल्या दिवशी नंदीध्वजांची (सजवलेल्या उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक शहराभोवतालच्या ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी निघते, दुसऱ्या दिवशी देवळाशेजारच्या सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, मग होम मैदानावर होम आणि नंतर शोभेचं दारूकाम. साधारण १३ ते १६ जानेवारी असा हा कार्यक्रम. सात उंच नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर, हे एकदा तरी समोर उभं राहून बघावंच. पाहुण्यांना आधी हे थोडं सांगून ठेवा म्हणजे त्यांना नुसती गर्दी वाटत नाही.

आता प्रॅक्टिकल. अक्षतांच्या दिवशी म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं घेऊन अगदी कट्ट्याजवळ जायचा आग्रह धरू नका, लांबून मिरवणूक बघा. रस्ते बंद असतात, गाडी लांब लावून चालत जावं लागतं, तेव्हा चपला चालण्यासारख्या घाला. लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी टाका आणि चुकलो तर कुठे भेटायचं ती जागा आधीच ठरवा, गर्दीत फोन लागेलच असं नाही. दारूकामाला मुलांना खांद्यावर घेऊन मागेच थांबा, वरचं सगळं मागूनही दिसतं आणि कानाला त्रास कमी होतो.

पाळणे आणि खाण्याचे स्टॉल मुख्य दिवस झाल्यावरही बरेच दिवस राहतात. माझं मत विचाराल तर पोरांना पाळण्यात बसवायला नंतरचा एखादा मधल्या वाराचा दिवस निवडा, दुपारी चारला जा आणि अंधार पडता पडता परत फिरा. आधी पाळणे, मग खाणं, उलट केलं तर पोरं उलट्या करतात. खाताना डोळ्यासमोर कढईतून निघतंय तेच घ्या, गरम भजी, कणसं, शेंगा. कापून उघडी ठेवलेली फळं आणि रंगीत सरबतं टाळा, पाणी घरून न्या. आणि सगळ्यांचं पोट तिथेच भरायचा प्रयत्न करू नका, घरी कडक भाकरी आणि आमटी तयार असली की आल्यावर दहा मिनिटांत जेवण होतं, म्हणून तर ती आधी करून ठेवायची.

हुरडा आणि मटण

याच दिवसात शहराबाहेर सगळीकडे हुरडा चालू असतो, डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर त्याच्यासारखं सुख नाही, नाहीतर हुरडा पार्टीची बरीच ठिकाणं आहेत, दोन-तीन दिवस आधी फोन करून जागा सांगून ठेवा आणि कोणत्या वाणाचा हुरडा आहे ते विचारा, सुरती किंवा गूळभेंडी असेल तर जरूर जा. सकाळी नऊ-साडेनऊला पोचा, उन्हं वर आली की मजा कमी होते. आगटीत गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजतात, हातावर चोळून गरम गरम दाणे समोर टाकतात, ते तिथल्या तिथे खायचे, गार झाले की चिवट होतात. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही, रेवड्या. शेंगाचटणीची आपली बरणी बरोबर न्या, पोरांसाठी केलेली कमी तिखटाची पण. पहिल्यांदा खाणाऱ्याने पोटाला तड लागेपर्यंत खाऊ नये, वरून ताक प्यावं, आणि त्या दिवशी दुपारचं जेवण ठेवूच नये.

मटण खायला बाहेर जायचं असेल तर यात्रेचे दिवस जाऊ द्या, बऱ्याच घरांत त्या दिवसात मांसाहार करत नाहीत आणि पाहुण्यांचं काय आहे तेही विचारून घेतलेलं बरं. सोलापुरी रस्सा काळ्या मसाल्याचा आणि झणझणीत असतो. ऑर्डर देतानाच सांगा की रस्सा वेगळ्या वाटीत द्या, आणि मुलांसाठी, आजी-आजोबांसाठी आळणी मागा, म्हणजे तिखट न घातलेलं शिजवलेलं मटण आणि त्याचं पाणी, भाताबरोबर ते फार चांगलं लागतं. भाकरी मऊ हवी की कडक ते विचारतील, कडक घ्या आणि रश्श्यात मोडून खा. रविवारी दुपारी एकनंतर गेलात तर ताटकळत उभं राहावं लागतं, साडेबाराच्या आत बसा. घरात कुणी शाकाहारी असेल तर आधी फोन करून पिठलं, शेंगाची आमटी, वांगं मिळतं का विचारा, बऱ्याच खानावळीत मिळतं पण लवकर संपतं.

पाहुणे परत निघताना कडक भाकऱ्या द्यायच्या असतील तर पिशवीत आडव्या भरू नका, रेल्वेत चुरा होतो. भाकरीच्या मापाचा स्टीलचा डबा घ्या, तळाला फडकं, दोन-दोन भाकऱ्यांमधे कागद, वरची मोकळी जागा परत फडक्याने भरून झाकण घट्ट. चटणी वेगळ्या बरणीत. शेंगापोळ्या प्रवासात पहिल्या दिवशीच संपतात, त्या हाताशी ठेवा, डब्यात खाली नको.